गुणपत्रिकेपुढे मान खाली कशाला?

नर्सिंगचा निकाल लागला की आपल्या वस्तीतल्या कितीतरी मुली गप्प होतात. पास झालेल्या असतात, पण डिस्टिंक्शन हुकलेले असते. त्यात कोणीतरी टोमणा मारतो, "कोट्यातून आलेत ना!" आणि मुलगी स्वतःलाच कमी लेखू लागते. याला माझा विरोध आहे.

१९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले ते ७५० पैकी २८२ गुण मिळवून. म्हणजे ३८ टक्केही नाहीत! तरी सभा भरवून त्यांचा सत्कार झाला, केळुस्कर गुरुजींनी बुद्धचरित्र भेट दिले. पुढे लंडनमध्ये त्यांचा डी.एस्सी.चा प्रबंधही आधी परत आला. त्यांनी तो सुधारून दिला आणि १९२३ मध्ये पदवी मिळवली.

पण म्हणून गुणांना किंमत नाही, असेही समजू नका. औषधाचा डोस चुकला तर रुग्णाच्या जिवावर बेतते. तेव्हा गुण कुठे गेले ते आधी शोधा. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि आता ॲनाटॉमी इंग्रजीत, हे कारण असेल तर रोज उत्तरे लिहून काढा, सीनियर ताईंना गाठा. लेखीत चांगले आणि तोंडी-प्रात्यक्षिकात मात्र दरवेळी कमी, असे होत असेल तर मिळून लेखी अर्ज द्या. दिल्लीच्या एम्समधील दलित-आदिवासी विद्यार्थ्यांच्या अशाच तक्रारी थोरात समितीने २००७ मध्ये नोंदवल्या आहेत.

रडून झाले असेल तर पुस्तक उघडा, ताई. वॉर्डात तुमची गरज आहे.

जयभीम!