भंगाराच्या काट्यावर चिलखत

जिरेटोपाचा फोडणीतल्या जिऱ्याशी काडीचाही संबंध नाही, हे आधी सांगून टाकतो. फारसीत ‘जिरह’ म्हणजे कड्यांचे चिलखत; त्यावरून जिरेटोप. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी सरली की नाटकांचा हंगाम सुरू होतो. तिथल्या एका शिवाजीच्या अंगावर मी दोरीच्या जाळीला चंदेरी रंग फासलेले चिलखत पाहिले आहे.

अस्सल चिलखत निघाले ते गोंदियातल्या एका स्नेह्याच्या माळ्यावर. घर जुन्या मालगुजारांचे. दिवाळीची झाडझूड चालली होती. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, दहा-अकरा किलो तरी भरेल. भंगारवाला दारात उभा आहे.”

मी ते सतरंजीवर पसरले. बाह्या कड्यांच्या, एकेक कडी शेजारच्या चार कड्यांत ओवलेली; छाती-पोटावर मात्र लोखंडी पट्ट्यांच्या रांगा, त्याही कड्यांनीच जोडलेल्या. कडी तलवारीचा काप अडवते, पण गदेचा तडाखा बसला की आतले हाड मोडते. सगळा पत्राच घातला, तर स्वाराने घोड्यावर वाकावे कसे? म्हणून वर्मावर पत्रा आणि सांध्यावर कडी! इराणी, तुर्की, मोगल, साऱ्यांनी हाच तोडगा काढला. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली महाराजांच्या अंगरख्याआडही चिलखत होते आणि खानाचा वार त्यावर खरखरला, असे बखरी सांगतात.

इस्तंबूलच्या आया इरिनी या जुन्या चर्चमध्ये उस्मानी सुलतानांचे शस्त्रागार होते. तिथल्या चिलखतांवर शस्त्रागाराचा शिक्का असे. एकोणिसाव्या शतकात त्यांतला पुष्कळ माल मोडीच्या भावाने गेला. तो शिक्का असलेली चिलखते आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये मानाने नांदत आहेत. हे मी वहिनींना सांगितले, तेव्हा कुठे काटा खाली ठेवला गेला.

पण संकट टळले नव्हते. धाकटे दीर म्हणाले, “राइसमिलच्या तुसात घोळवून चकचकीत करू अन् यंदा नाटकात घालू!” मी हातच जोडले. गंजाबरोबर कड्यांचे बारीक रिव्हेटही झिजतील आणि घडणीची खूण तेवढीच असते.

नागपूरचा अजब बंगला १८६३ पासूनचा. तिथल्या जाणत्यांना पाडव्यानंतर दाखवायचे ठरले आहे. तोवर पेटी धान्याच्या कोठीत आहे आणि किल्ली वहिनींच्या कमरेला. भंगारवाल्याला जुना बंब मिळाला.