मासे मोजणारेही हवेत

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या घरांतून ठरलेली चर्चा सुरू होते. डॉक्टर, इंजिनिअर, फार्मसी, नाहीतर कॉम्प्युटर. ज्या गोव्यात हुमणाशिवाय घास उतरत नाही, त्या गोव्यातले मूल ‘मला मत्स्यशास्त्र शिकायचे आहे’ असे म्हणाले, तर मात्र प्रश्न येतो, ‘म्हणजे मासे विकणार काय?’ मासे विकण्यात कमीपणा काहीच नाही. आपल्या शाळेतील कितीतरी मुलांच्या फिया त्याच पैशांतून भरल्या जातात. परंतु समुद्रात मासे किती उरले आहेत हे मोजण्याचेही एक काम असते, ते सरकारी नोकरीत राहून करावे लागते, आणि त्यासाठी हुशार मुले हवी असतात, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

या कामाचे स्वरूप आधी समजून घेऊ. मत्स्यजीवशास्त्रज्ञ धक्क्यावर जातो, उतरलेल्या मासळीतून नमुना घेतो, प्रत्येक माशाची लांबी व वजन नोंदवतो, पोट उघडून गाबोळी कितपत तयार आहे हे पाहतो. थंड प्रदेशांत माशाच्या कानातील खड्यावर वर्षागणिक वलये उमटतात, झाडाच्या खोडासारखी. ती मोजून वय कळते. आपल्या उष्ण समुद्रात ही वलये नीट ओळखू येत नाहीत. म्हणून दर महिन्याला शेकडो बांगड्यांची लांबी मोजून आलेख काढतात, आणि आलेखाचा उंचवटा महिन्यागणिक पुढे सरकतो त्यावरून वाढीचा वेग काढतात. नववीचे गणित येथे उपयोगी पडते!

या लोकांवर जो पर्यवेक्षक अधिकारी असतो, त्याची जबाबदारी आणखी मोठी. नमुना फक्त मोठ्या माशांच्या टोपलीतून तर घेतला नाही ना, हे तो तपासतो. एका टोपलीने सगळी सरासरी चुकते. शिवाय तो केवळ किती मासळी आली एवढेच पाहत नाही, ती किती श्रमांनी आली हेही पाहतो. पूर्वी चार तासांत दहा टोपल्या मिळत आणि आज त्याच दहा टोपल्यांसाठी बारा तास लागत असतील, तर बाजाराला फरक दिसणार नाही. या अधिकाऱ्याला मात्र समुद्र एक-तृतीयांशावर आलेला दिसेल. ते कागदावर लिहून, खाली सही करून, मंत्र्यांपुढे ठेवणे हे त्याचे खरे काम.

हे न ऐकल्यास काय होते, याचे उदाहरण कॅनडातील न्यूफाउंडलंडचे आहे. तेथील कॉड माशावर सुमारे पाचशे वर्षे लोक जगले. मोठ्या ट्रॉलरांना भरपूर मासळी मिळत होती, त्यामुळे साठा वाढतो आहे असे सरकारी शास्त्रज्ञांनीही काही वर्षे धरले होते. वास्तविक उरलेले मासे दाट थव्यांत गोळा होत होते आणि नवी यंत्रे ते थवे हुडकून काढत होती. किनाऱ्याजवळचे लहान मच्छीमार मात्र जाळी रिकामी येत असल्याचे सांगत होते. अखेर शास्त्रज्ञांनी हिशेब सुधारला आणि १९८९ साठी १,२५,००० टनांची मर्यादा सुचवली. रोजगार जाईल म्हणून सरकारने २,३५,००० टन ठरवली. २ जुलै १९९२ रोजी मासेमारीच बंद करावी लागली आणि सुमारे ३० हजार लोकांचे काम गेले. दोन वर्षांसाठी म्हणून आलेली ती बंदी उठायला २०२४ साल उजाडले, आणि तेव्हाही परवानगी मिळाली ती १८,००० टनांची.

आमच्या मते यात दोन धडे आहेत. आकडे सांगणाऱ्याचे ऐकले पाहिजे, हा पहिला. आणि आकडे काढणाऱ्याने रापणकाराचे ऐकले पाहिजे, हा दुसरा. खुर्चीत बसून समुद्र कळत नाही.

कॅनडा दूर आहे, पण केरळ जवळ आहे. तेथे २०१२ मध्ये तारली जवळपास चार लाख टन मिळाली होती. २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांहूनही कमी. समुद्राचे बदलते तापमान हे त्याचे एक कारण, आणि पिल्ले उपसणे हे दुसरे. समुद्र थंड करणे कुणा अधिकाऱ्याच्या हाती नाही. पिल्ले वाचवणे आहे. केरळने २०१५ पासून तारली १० आणि बांगडा १४ सेंटिमीटरपेक्षा लहान पकडण्यास मनाई केली. २०२३ मध्ये महाराष्ट्रानेही ५४ जातींसाठी असे माप ठरवले.

गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. हा अनेक जातींचा विणीचा काळ. किनाऱ्यापासून पाच किलोमीटरपर्यंतचे पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखीव आहे. प्रखर दिवे लावून मासे ओढण्यावर २०१७ मध्ये केंद्राने बंदी घातली. कागदावर हे सगळे आहे. ते समुद्रावर उतरवू पाहणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र शिव्या खाव्या लागतात. आपल्या पालकांपैकी काहींचे ट्रॉलर आहेत, काहींची रापण आहे. बंदीच्या दोन महिन्यांत घर कसे चालते हे आम्ही जाणतो. आमचे म्हणणे एवढेच, की बंद काळातील मदत वेळेवर मिळावी म्हणून जरूर भांडावे. पण मोजमापाशी भांडू नये. साठा संपला तर ट्रॉलर आणि रापण दोन्ही किनाऱ्यावरच कुजतील.

आता शाळेपुरत्या तीन सूचना. विश्वस्तांनी यंदाच्या मार्गदर्शन शिबिरात मत्स्यशास्त्राला एक तास द्यावा. बारावी विज्ञाननंतर चार वर्षांची पदवी रत्नागिरीजवळ शिरगावला किंवा मंगळूरला करता येते. पुढील शिक्षणासाठी मुंबईची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. शिक्षकांनी नववीच्या मुलांना एकदा मालीमच्या धक्क्यावर न्यावे. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही घरी बांगडे आले की पट्टी घेऊन बसा. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी मोजा, तारखेसह वहीत लिहा. वर्षभराच्या अशा पन्नास वह्या जमल्या, तर आपल्या ताटात काय येते आहे हे शाळेला स्वतःच्या आकड्यांनी सांगता येईल.

पालकांनी एवढेच करावे: बोटाएवढे बांगडे स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. आणि मुलाने पट्टी मागितली तर ‘आधी अभ्यास कर’ म्हणू नये. तोही अभ्यासच आहे.