बंदुकीचा हक्क नेमका कोणाचा?

अमेरिकेची नॅशनल रायफल असोसिएशन (स्थापना १८७१) दरवर्षी नेमबाजीच्या स्पर्धा घेते, प्रशिक्षक घडवते, सभासदांचे अधिवेशन भरवते. त्याला आमचा विरोध नाही. आमचा सवाल तिच्या 'शस्त्र हा प्रत्येक नागरिकाचा हक्क' या घोषणेला आहे.

मित्रांनो, ज्यांच्यावरून १९७२ ला मुंबईत दलित पँथरने नाव घेतले, ते ब्लॅक पँथर १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात पोलिसांवर नजर ठेवायला उघड बंदुका घेऊन फिरत होते. तेव्हा त्यांना रोखणाऱ्या मलफर्ड कायद्याला याच संघटनेने पाठिंबा दिला! (सही गव्हर्नर रेगनची.)

१९७७ च्या सिनसिनाटी अधिवेशनात कडव्या सभासदांनी संघटना ताब्यात घेतली. आता म्हणे तडजोड नाही. मग २०१६ मध्ये परवानाधारक कृष्णवर्णीय फिलँडो कॅस्टिलला पोलिसाने गोळ्या घातल्या, तेव्हा संघटनेच्या पहिल्या निवेदनात त्याचे नावसुद्धा का नव्हते?