हवेची गादी आणि दोन तासांचा नेम

घरातील वडीलधारे माणूस अंथरुणाला खिळले म्हणजे सर्वांचे लक्ष औषधांकडे लागते. गोळ्यांच्या वेळा पाळल्या जातात, ताप पाहिला जातो, पेज वेळेवर दिली जाते. पाठ मात्र कोणी पाहत नाही. मग एके दिवशी अंग पुसताना माकडहाडावर रुपयाएवढी जखम दृष्टीस पडते आणि घरच्यांचे धाबे दणाणते. ह्या शय्याव्रणांविषयी, आणि त्यांवरील उपाय म्हणून हल्ली खेडोपाडीही येऊ लागलेल्या हवेच्या गादीविषयी, आज वाचकांशी चार शब्द बोलावेत असे आम्हांला वाटते.

हा व्रण नशिबाने होत नाही, दाबाने होतो. हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये कातडी चेपली गेली की तेथील बारीक रक्तवाहिन्या मिटतात. निरोगी माणूस झोपेतही कूस बदलतो, म्हणून त्याचे काही बिघडत नाही. अर्धांगवायूने वा अशक्तपणाने ज्याला हलता येत नाही, त्याच्या माकडहाडाला, टाचांना, खुब्यांना व खवाट्यांना रक्तच पोहोचत नाही, आणि तेथील मांस मरू लागते. त्यात घामाचा वा लघवीचा ओलावा, अंगाखालून चादर ओढताना होणारे घर्षण आणि निकस आहार यांची भर पडली, म्हणजे व्रण होण्यास वेळ लागत नाही.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत पाठीच्या कण्याला इजा झालेले कित्येक रुग्ण ह्या व्रणांनी व मूत्रमार्गाच्या विकारांनी दगावत असत. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी अशा जखमी सैनिकांसाठी विभाग उघडला आणि एक साधा नेम घालून दिला : दर दोन तासांनी, दिवसा तसेच रात्री, प्रत्येक रुग्णाची कूस बदलायची. त्या कडक शुश्रूषेने मरणाच्या दारात टेकलेली माणसे वाचली. पुढे त्यांच्यातीलच काही चाकांच्या खुर्चीत बसून खेळांच्या स्पर्धेत उतरली. तो नेम आजही शुश्रूषेचा पाया आहे.

हवेची गादी ह्या नेमाला हातभार लावते. ती पलंगावरील नेहमीच्या गादीवर अंथरतात. तिच्यात हवेचे फुगे किंवा आडव्या नळ्या असतात. पायथ्याशी टांगलेला विजेचा छोटा पंप काही मिनिटांच्या अंतराने एका आड एक नळ्या फुगवतो व बाकीच्या सैल सोडतो. त्यामुळे शरीराचा भार एकाच जागी न राहता आळीपाळीने सरकतो.

परंतु गादी आली म्हणजे कूस बदलण्याचे काम संपले, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. ब्रिटनमध्ये २,०२९ रुग्णांवर केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हवेची गादी आणि उत्तम प्रतीची फोमची गादी यांची तुलना झाली. हवेच्या गादीवर सुमारे ७ टक्के, तर फोमच्या गादीवर सुमारे ९ टक्के रुग्णांना नवे व्रण झाले. हा फरक निर्णायक ठरला नाही. तात्पर्य, गादी मदतनीस आहे. सेवा करणाऱ्या हातांची जागा ती घेऊ शकत नाही.

गादी वापरताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तिच्यावर एकच पातळ, सैल चादर घालावी. वर गोधडी वा रबरी कापड अंथरले तर हवेचा उपयोग उरत नाही. पंपाचे बटण रुग्णाच्या वजनाप्रमाणे लावावे. मग रुग्णाच्या कमरेखाली, गादीच्या खालच्या बाजूने तळहात वर करून हात सरकवावा. हात आणि अंग यांमध्ये निदान इंचभर हवा जाणवली पाहिजे; हाताला हाड लागले तर गादी बसली असे समजावे. नळी दुमडू देऊ नये. वीज गेली की पुष्कळ गाद्या हळूहळू बसतात, म्हणून खालची नेहमीची गादी कधीही काढू नये.

रोज उजेडात पाठ व टाचा पाहाव्यात. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही. तेव्हा एखादी जागा अधिक काळी, गरम वा कठीण लागते काय, हे पाहावे. तशी जागा आढळल्यास तिच्यावर भार देऊ नये आणि तेल लावून चोळू तर मुळीच नये, कारण चोळण्याने आतील इजा वाढते. टाचा अधांतरी राहतील अशी उशी पोटऱ्यांखाली द्यावी. रबरी कडे बसायला देऊ नये. त्याच्या काठाचा दाब उलट बाधतो. डाळ, अंडी, मासळी, दूध यांनी जखम भरण्यास बळ मिळते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास आहार डॉक्टरांना विचारून ठरवावा. कातडी फाटली, काळी पडली, दुर्गंधी आली वा ताप चढला, तर घरगुती लेप न करता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आता मुख्य गोष्ट. रात्री बारा, दोन, चार वाजता उठते कोण? बहुतेक घरी एकटी सून किंवा म्हातारी पत्नी. दिवसभर चूल, गुरे, मुले पाहून तीच रात्री सासऱ्याची वा नवऱ्याची कूस बदलते, आणि तिची स्वतःची पाठ मोडते. तेव्हा घरातील पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी रात्रीच्या पाळ्या वाटून घ्याव्यात, आणि वेळांचा कागद भिंतीवर लावावा. गादीची गरज संपली की ती माळ्यावर टाकू नये. नीट धुऊन, जंतुनाशकाने पुसून धर्मग्रामातील गरजू घरी द्यावी. रुग्णाच्या भेटीला जाणे हे पुण्यकर्म आहेच. पण भेटीला गेलेल्या शेजाऱ्याने दोन शब्द बोलून झाल्यावर उठून कूस बदलायला हात लावला, तर त्या घरातील थकलेल्या बाईला तेवढाच विसावा मिळेल.