एन्रॉन आठवतं, मग मोझांबिक का दिसत नाही?

वडाळ्यातल्या आमच्या इमारतीचा पागडीचा खटला गेली १९ वर्षं चालू आहे. या दिरंगाईची भरपाई आम्हाला कुणी देणार नाही. व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीला मात्र ती मिळाली. कोल इंडियाविरुद्धचा लवादाचा निवाडा भारतीय कोर्टात नऊ वर्षं लटकला, म्हणून तिने भारत-ऑस्ट्रेलिया गुंतवणूक कराराखाली थेट भारत सरकारवर दावा ठोकला आणि २०११ मध्ये जिंकली. आणि ज्या कलमावर जिंकली, ते त्या करारात नव्हतंच! भारत-कुवेत करारातून ते उसनं घेतलं होतं.

असे करार दोन देश करतात, वापरतात कंपन्या. दाभोळचंच बघा. जीई आणि बेक्टेल अमेरिकन. अमेरिकेशी आपला असा करार नाही. मग काय, मॉरिशसमधल्या उपकंपन्या पुढे केल्या, भारत-मॉरिशस करार काढला. २००५ मध्ये पैसे घेऊन तडजोड झाली. गुहागरात एन्रॉनविरुद्ध लाठ्या खाणाऱ्यांसाठी असा कुठलाच दरवाजा नव्हता.

पोळल्यावर भारताने नवा नमुना करार आणला: परदेशी कंपनीने आधी पाच वर्षं इथल्या कोर्टात झगडावं. २०१६ पासून जुने करार धडाधड रद्द केले. उत्तम केलं. (अमिरातीबरोबरच्या २०२४ च्या करारात पाचाची तीन वर्षं झाली. अशा करारांना आपल्याकडे संसदेची मंजुरी लागत नाही, त्यामुळे तुम्हाला-मला विचारतो कोण!)

पण आपण नेहमी फिर्यादीच्या पिंजऱ्याबाहेर नसतो. मुंबईच्याच पटेल इंजिनिअरिंगने २००९ च्या भारत-मोझांबिक कराराखाली मोझांबिकला लवादात खेचलं. वाद मकुझे बंदर आणि रेल्वेचा: २०११ चा समझोता आपल्याशी, काम मात्र दुसऱ्यांना, असं कंपनीचं म्हणणं. ते खरंही असेल. पण आपल्यापेक्षा कितीतरी गरीब देशाच्या सरकारला परदेशी वकिलांची बिलं भरायला लावणारा दस्तऐवज आपल्याच सरकारने सही केलेला आहे. त्यात आधी स्थानिक कोर्टात पाच वर्षं काढायची अट नाही.

कंपन्यांना मी दोष देत नाही, दार उघडं ठेवलं तर त्या शिरणारच. माझा राग दिल्लीवर आहे. एन्रॉनच्या नावाने आपण बोटं मोडतो, आणि मापुतोत आपलीच मंडळी तोच कागद फडकावतात तेव्हा त्याला 'भारतीय गुंतवणुकीचं संरक्षण' म्हणतो. पाच वर्षांची अट आपल्याला हवी ना? मग तीच मोझांबिकला स्वतःहून देऊ करावी. त्यासाठी परिषद नको, शिष्टमंडळ नको. परराष्ट्र खात्याचं एक पानी पत्र पुरेल.