हरलेला संघ आणि न्याहारीआधीची गोळी



गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांपैकी एक मी मुद्दाम बाजूला काढून ठेवले होते. नाशिकच्या एका भगिनींचे ते पत्र. त्यांचे यजमान ७४ वर्षांचे. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. मुलगा बॉस्टनला असतो. दरवर्षीचा उन्हाळा उभयता तिकडे काढतात आणि तेथे नातवाशेजारी बसून बेसबॉल पाहता पाहता आजोबा ‘रेड सॉक्स’ या संघाचे निस्सीम चाहते झाले आहेत. यंदा प्रवास घडला नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, ३ ऑक्टोबरला, पहाटे उठून त्यांनी सामना लावला. न्यूयॉर्कच्या ‘यँकीज’ने रेड सॉक्सला ४-० असे हरवले आणि बॉस्टनचा हंगाम तेथेच संपला. भगिनी लिहितात, ‘त्या दिवशी ह्यांनी अन्नाला हात लावला नाही. नातवाचा फोन घेतला नाही. दहाच्या सुमारास मी एवढेच म्हटले, की अहो, खेळच तो! तर अंगावर ओरडले. हात थरथरत होते, घाम सुटला होता. या वयात हे शोभते का? आणि अशा संतापाने हृदयाला काही होईल का?’

ताई, तुमचे प्रश्न दोन आहेत. परंतु पत्रात तिसरी एक गोष्ट आहे, जी तुम्ही विचारलेली नाही. तिच्याकडे येतोच.

प्रथम ‘शोभते का’ हा प्रश्न. बॉस्टन आणि न्यूयॉर्क यांचे हे वैर शंभर वर्षांहून जुने आहे. बेब रूथ हा बेसबॉलमधला सर्वांत गाजलेला खेळाडू बॉस्टनने यँकीजला विकला, त्याची घोषणा जानेवारी १९२० मध्ये झाली. त्यानंतर यँकीजनी विजेतेपदांची रास रचली आणि १९१८ साली अजिंक्य ठरलेल्या बॉस्टनला पुढचे अजिंक्यपद मिळायला २००४ साल उजाडले. मधल्या ८६ वर्षांत संघ नुसता हरला असता, तर लोकांनी नाद सोडला असता. तो जिंकता जिंकता हरत असे, आणि पुष्कळदा यँकीजकडूनच. १९७८ साली निर्णायक सामन्यात बकी डेंट या एरवी फटकेबाजीसाठी प्रसिद्ध नसलेल्या खेळाडूने होम रन मारला, म्हणजे आपल्या भाषेत चेंडू थेट मैदानाबाहेर टोलावला, आणि बॉस्टन ५-४ असे हरले. २००३ च्या ऑक्टोबरात तर कहर झाला. अंतिम मालिकेचे दार उघडणारा सातवा सामना. आठव्या डावात बॉस्टन ५-२ असे पुढे. पेड्रो मार्टिनेझ हा त्यांचा श्रेष्ठ पिचर दमलेला दिसत असूनही व्यवस्थापक ग्रेडी लिटल यांनी त्याला चेंडू टाकू दिला. बरोबरी झाली. मध्यरात्र उलटल्यावर अकराव्या डावात अ‍ॅरन बूनने होम रन मारून सामना संपवला. पुढच्या हंगामासाठी लिटल यांना संघाने ठेवले नाही. तोच बून आज यँकीजचा व्यवस्थापक आहे. यंदाच्या त्या सामन्यात आठ डावांत बॉस्टनचे बारा फलंदाज स्ट्राइकआउट करणारा कॅम श्लिटलर हा तरुण पिचर वाढला तो बॉस्टनजवळच्याच वॉलपोल गावात. घरचे मूल शेजाऱ्याच्या बाजूने खेळावे, तसे हे. तुमच्या यजमानांच्या तोंडची चव गेली, याचे मला मुळीच नवल वाटत नाही.

आता एक गोष्ट सांगतो, जी मला बेसबॉलपेक्षा महत्त्वाची वाटते. २००४ साली बॉस्टनने यँकीजविरुद्ध पहिले तीन सामने गमावून पुढचे चारही जिंकले आणि त्यानंतर अजिंक्यपदही मिळवले. तेव्हा त्या प्रदेशातले अनेक लोक संघाचे झेंडे, टोप्या आणि विजयाची वृत्तपत्रे घेऊन दफनभूमीत गेले आणि आपल्या वडिलांच्या, आजोबांच्या थडग्यांवर ठेवून आले. आयुष्यभर वाट पाहून ती माणसे आधीच गेली होती. पंचविशीतला चाहता हरल्यावर ‘पुढच्या वर्षी बघू’ असे म्हणतो. ७४ वर्षांचा माणूसही तेच म्हणतो, परंतु म्हणताना मनात एक हिशेब करतो. तो हिशेब तो घरात कोणालाही सांगत नाही. हंगाम चालू असताना हरले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा सामना असतो. १६२ सामन्यांच्या त्या रहाटगाडग्यात दुःख फार टिकत नाही. ऑक्टोबरातला पराभव निराळा. त्यानंतर मार्चअखेरपर्यंत काहीच नाही. पहाटे उठण्याचे कारण गेले, नातवाशी बोलायचा विषय गेला. नोकरी संपल्यावर, मित्र एकेक करून कमी झाल्यावर ‘आम्ही’ म्हणण्याच्या जागा उरतात किती? त्यातली एक जागा हा संघ असेल, तर ‘खेळच तो’ हे वाक्य ऐकणाऱ्याला टोचते. तेवढे एक वाक्य घरातून हद्दपार करा. त्याऐवजी ‘कसे हरले?’ असे विचारा आणि उत्तर न कळले तरी ऐका.

दुसरा प्रश्न हृदयाचा. शंका अनाठायी नाही. १९८० च्या जानेवारीत अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात लॉस एंजेलिसचा संघ पिट्सबर्गकडून हरला. त्यानंतरच्या दिवसांत लॉस एंजेलिस परिसरात हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण वाढलेले संशोधकांना आढळले, आणि ही वाढ ज्येष्ठांमध्ये अधिक होती. १९९८ च्या विश्वचषकात इंग्लंड अर्जेंटिनाकडून पेनल्टीवर हरले. तो दिवस आणि पुढचे दोन दिवस मिळून हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या सुमारे २५ टक्क्यांनी वाढली. २००६ साली म्युनिक परिसरात जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी हृदयाच्या तातडीच्या तक्रारी एरवीच्या अडीच पटींहून अधिक होत्या, आणि त्यांतील सर्वाधिक सामना सुरू झाल्यावर पहिल्या दोन तासांत. जर्मनीने तेव्हा सातपैकी सहा सामने जिंकले होते, हेही ध्यानात घ्या. म्हणजे दोष एकट्या पराभवाचा नाही. श्वास रोखून बसण्याचा आहे.

या आकड्यांनी घाबरून दूरचित्रवाणी बंद करू नका. लक्षावधी लोक सामने पाहतात आणि त्यांतील बहुतेकांना काहीही होत नाही. परंतु ज्यांना आधीपासून हृदयविकार आहे, त्यांनी जपावे. आपल्याकडे एक अडचण आणखी असते. अमेरिकेतला संध्याकाळचा सामना इकडे पहाटे साडेचार-पाचला सुरू होतो. पहाटे ते दुपार या काळात झटक्यांचे प्रमाण मुळातच जास्त. जागे होताना रक्तदाब चढतो. त्यात अपुरी झोप आणि रिकाम्या पोटी दोनदा चहा. तेव्हा सामना असेल त्या आदल्या रात्री साडेनऊला दिवा मालवावा. (सामन्याचे ध्वनिचित्रमुद्रण सावकाश पाहावे, असे मी पूर्वी सुचवत असे. खरा चाहता ते कधीच मान्य करत नाही, म्हणून आता सुचवत नाही.) छातीत दाब, जबडा किंवा हात दुखणे, धाप, थंड घाम, अकारण गळून जाणे यांपैकी काही झाले, तर ‘पित्त झाले असेल’ म्हणून वाट पाहू नये, १०८ ला फोन करावा. मधुमेहींना झटक्यात छातीत कळ येतेच असे नाही.

आणि आता तो न विचारलेला प्रश्न. थरथरणारे हात, घाम, एकाएकी अंगावर ओरडणे, आणि वेळ सकाळी दहाची. यजमान न्याहारीआधी मधुमेहाची गोळी घेतात, असे तुमच्या सोबतच्या यादीवरून दिसते. तिच्यात ग्लिमेपिराइड आहे. त्या दिवशी गोळी नेहमीप्रमाणे पोटात गेली आणि अन्न गेलेच नाही. ताई, तो संताप सगळाच रेड सॉक्सचा नसावा. बराचसा रक्तातली साखर उतरल्याचा असण्याची शक्यता मला अधिक वाटते. घरोघरी हे घडते. सामना, भांडण, एखाद्याच्या निधनाची बातमी, कारण कोणतेही असो. माणूस जेवत नाही, गोळी मात्र सवयीने घेतो.

अशा वेळी वाद घालू नका, साखर तपासा. यंत्र हाताशी नसेल तर माणूस शुद्धीवर आहे आणि गिळू शकतो, एवढे पाहून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्या, आणि बरे वाटताच पोळी-भाजी किंवा दूध-बिस्किटे द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. तडक रुग्णवाहिका बोलवा. रक्तदाबासाठी काही जणांना दिलेल्या ठरावीक गोळ्यांमुळे थरथर आणि धडधड झाकली जाते. तेव्हा नुसते भांबावलेपण किंवा चिडचीडही पुरेशी खूण समजा. शिवाय या गोळीचा परिणाम तासन्‌तास टिकतो, मूत्रपिंडे दुबळी असतील तर आणखी लांबतो. म्हणून एकदा साखर चढली की प्रकरण मिटले, असे धरू नका. दिवसभर लक्ष ठेवा आणि त्याच दिवशी तुमच्या डॉक्टरांना कळवा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी न जेवण्याच्या दिवशी मात्रा किती घ्यायची, हे आधीच विचारून कागदावर लिहून ठेवावे.

नातवाच्या फोनचे काय? तो पुन्हा येईल, तेव्हा यजमानांच्या हाती द्या. त्या पराभवाचे दुःख घरात समजू शकणारा तो एकटाच आहे. दोघांनी मिळून व्यवस्थापकाला यथेच्छ नावे ठेवू द्यात. चार-सहा दिवसांत गाडी रुळावर येते. दोन आठवडे उलटूनही भूक, झोप, फिरणे, वर्तमानपत्र कशातच मन लागत नसेल, तर मात्र ते बेसबॉलचे दुःख म्हणून सोडून देऊ नका. ती नैराश्याची लक्षणे असू शकतात आणि त्यावर या वयातही चांगले उपचार आहेत.

मूत्रपिंडाची तपासणी, म्हणजे क्रिएटिनिन, वर्षभरात झाली नसेल तर या महिन्यात करून घ्या. साखर उतरण्याचा हा प्रकार पूर्वीही घडला असेल, तर ग्लिमेपिराइडऐवजी दुसरे औषध बसते का, हे डॉक्टरांना विचारा. मार्चअखेर नवा हंगाम सुरू होईल आणि यजमान सामन्यांचे वेळापत्रक कपाटावर चिकटवतीलच. त्याच्याच शेजारी गोळ्यांचे वेळापत्रक चिकटवा, आणि ताटली समोर आल्याखेरीज सकाळची ती गोळी डबीतून काढू नका.