संताप कोणावर?

युद्ध, गुन्हेगारी आणि रोजच्या जगण्यातील कटकटी या तीन विषयांवर ज्याचे मत तयार नाही, असा नागरिक आपल्याकडे शोधूनही सापडणार नाही. युद्धाविषयी त्याचे मत असे की एकदाचा सोक्षमोक्ष लावून टाकावा. गुन्हेगाराविषयी असे की खटल्याची भानगड कशाला, भर चौकात फासावर लटकवावे. आणि कटकटींविषयी, म्हणजे लोकलची गर्दी, नळाला न येणारे पाणी, रस्त्यातील खड्डे, कचेरीतील हेलपाटे यांविषयी असे की, या देशात काही सुधारायचे नाही. ही मते लोकलच्या डब्यात, चहाच्या टपरीवर आणि लग्नाच्या पंगतीत सारख्याच ठामपणे ऐकावयास मिळतात. त्यांतील एक विसंगती मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्या दोन बाबतींत या नागरिकाच्या हाती प्रत्यक्षात फारसे काही नाही, तेथे तो कमालीचा निश्चयी आहे. आणि जेथे त्याला काही करता येण्याजोगे आहे, तेथे तो पूर्ण दैववादी आहे.

ही विसंगती केवळ स्वभावदोष म्हणून सोडून देता येत नाही. तिचा लाभ कोणाला होतो, हे पाहिले पाहिजे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहू गेल्यास ही तीन वेगळी खाती नाहीतच. मुंबईकराच्या कटकटींतील कितीतरी गोष्टी युद्धानेच जन्माला घातल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धाचा हिंदुस्थानातील खर्च ब्रिटिश सरकारने मोठ्या प्रमाणावर नोटा छापून भागवला. १९३९ ते १९४५ या काळात चलनातील नोटा पाचपटींहून अधिक झाल्या. माल तेवढाच, किंबहुना सैन्याच्या मागणीमुळे बाजारात कमीच, आणि पैसा मात्र पाचपट. मग भाव चढणार हे सांगावयास पंडित नको. १९४३ साली मुंबईत शिधावाटप सुरू झाले आणि रांग ही गोष्ट मध्यमवर्गाच्याही आयुष्यात कायमची आली. 'काळा बाजार' हा शब्द घराघरांत रुजला तो याच वर्षांत. घरभाड्याचे नियंत्रणही युद्धकाळातले. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाण भाडे ठरवताना १ सप्टेंबर १९४० ही तारीख आधाराला धरली, आणि चाळींचे मालक व भाडेकरू यांच्यातील पुढील अनेक दशकांच्या तंट्यांचे मूळ तेथे रोवले गेले. त्याच १९४३ साली बंगालमध्ये पंधरा ते तीस लाख माणसे उपासमारीने व त्यामागून आलेल्या रोगराईने मेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की त्या वर्षी धान्य अभूतपूर्व प्रमाणात कमी नव्हते. युद्धकालीन भाववाढीने शेतमजूर, कोळी, नावाडी यांच्या हातची क्रयशक्तीच नाहीशी झाली होती. बंगालच्या त्या खेड्यांत शत्रूची फौज शिरली नव्हती. तेथे युद्ध पोहोचले ते तांदळाच्या भावाच्या रूपाने.

हा इतिहास जुना झाला असे कोणी म्हणेल. परंतु २०२२ साली रशियाने युक्रेनवर आक्रमण केले तेव्हा महिन्याभरातच आपल्याकडील गृहिणीला सूर्यफुलाच्या तेलाचा डबा परवडेनासा झाला, कारण ते तेल आपण मुख्यतः युक्रेनमधून आणत होतो. युद्धाची किंमत अशीच वसूल होते. पावतीवर मात्र युद्धाचे नाव नसते.

आता गुन्ह्याकडे वळू. खिसेकापू सापडला तर त्याला डब्यातच बेदम मारणारे हात सुशिक्षितांचे असतात. त्यांना असे प्रामाणिकपणे वाटते की कायदा गरीब चोराला सोडून देतो. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतील तीन जणांचा गुन्हा अद्याप शाबीत व्हावयाचा होता! दलित, आदिवासी आणि इतर मागास जातींचे प्रमाण त्यांत सुमारे दोन-तृतीयांश आहे. बिहारच्या तुरुंगांत जास्तीत जास्त शिक्षेपेक्षाही अधिक काळ खटल्याविना खितपत पडलेल्या माणसांचे प्रकरण १९७९ साली हुसैनारा खातून खटल्याच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापुढे आले, आणि सत्वर न्याय हा मूलभूत अधिकार असल्याचे न्यायालयाने सांगितले. त्याला चार दशके उलटून गेली. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची अधिकृत क्षमता ठरलेली आहे. तेथे त्याच्या तिप्पट-चौपट माणसे कोंबलेली असणे हा नित्याचा प्रकार आहे. जामीन मंजूर होऊनही जातमुचलक्यापुरते पैसे नाहीत किंवा हमी देणारा कोणी नाही, एवढ्याच कारणाने आत राहणाऱ्यांची गणना तर निराळीच.

पारधी समाजाची कथा याहून पुरातन. १८७१ च्या कायद्याने सबंध जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण लगोलग ठिकठिकाणी 'सराईत गुन्हेगार' कायदे आले आणि पोलिसांची नजर तीच राहिली. तुरुंगाच्या नियमावलीतून जात काढून टाका, असे सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगावे लागले, यावरून काय ते समजावे.

याच्या दुसऱ्या पारड्यात भोपाळ ठेवून पाहावे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे झोपेत वा पळता पळता मेली. कंपनीचा अध्यक्ष वॉरेन अँडरसन भोपाळला आला, अटक झाला, जामिनावर सुटला आणि देशाबाहेर गेला. २०१४ साली मरेपर्यंत त्याने भारतीय न्यायालयाचे तोंड पाहिले नाही. कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना जून २०१० मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनंतर, दोन वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना त्याच दिवशी जामीनही मिळाला. लोकलच्या डब्यात खिसेकापूवर हात उगारणाऱ्या नागरिकाला या निकालाच्या संध्याकाळी राग आला नसेल असे नाही. परंतु तो राग मारावयास समोर कोणी नव्हते. मोठ्या गुन्ह्याची हीच सोय असते.

आणि लोकल? कटकट म्हणून जिचा उल्लेख होतो, तिचे आकडे युद्धाचे आहेत. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर २०२३ या एका वर्षात २,५९० माणसे मेली. गेल्या वीस वर्षांची बेरीज रेल्वेने मुंबई उच्च न्यायालयापुढे ठेवली, ती ५१ हजारांहून अधिक आहे. त्यांत आजाराने गेलेले असतील, आत्मघात केलेलेही असतील. परंतु मोठा भाग रूळ ओलांडताना चिरडलेल्यांचा आणि डब्यातून पडलेल्यांचा आहे. १९६२, १९६५, १९७१ आणि १९९९ या चारही युद्धांत मिळून धारातीर्थी पडलेल्या भारतीय जवानांची संख्या दहा-अकरा हजारांच्या घरात जाते. जवानांच्या बलिदानाला उणेपणा आणण्यासाठी ही तुलना केलेली नाही. पण कामावर जाणाऱ्या माणसाचे मरण एवढे स्वस्त का, हा प्रश्न ती निश्चितच उभा करते. नऊ डब्यांच्या गाडीत पाच हजारांवर माणसे भरली जात असत, या अवस्थेला रेल्वेने एक पारिभाषिक नाव दिले आहे: 'सुपर डेन्स क्रश लोड'. चौरस मीटरमागे चौदा ते सोळा उभी माणसे, असा त्याचा अर्थ. एखाद्या अन्यायाला शास्त्रीय नाव मिळाले की तो अन्याय राहत नाही, निव्वळ एक परिमाण होतो. रूळ ओलांडणारा मात्र कायद्याने गुन्हेगार आहे. पूल न बांधणारा नाही.

पुलाचा विषय निघालाच आहे, तर एल्फिन्स्टन रोडचे स्मरण करणे भाग आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी त्या स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. एके काळी गिरणगावचे असलेले हे स्थानक. गिरण्या गेल्या, त्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले, पायी येणाऱ्यांची संख्या कितीतरी वाढली आणि जिना तेवढाच राहिला. गिरण्यांच्या जमिनीचे काय करावे याचा खल दशकभर चालला. तेथे कामाला येणारा माणूस कोणत्या जिन्याने उतरेल हा विषय त्या खलात कोणाला महत्त्वाचा वाटला नाही. नव्या पुलाला मंजुरी होती, तो कागदावर होता. चौकशीत दोष पावसाला देण्यात आला. पाऊस आला म्हणून माणसे पुलावर थांबली आणि गर्दी झाली! पुढे सरकारने काय केले? भारतीय सैन्याला पाचारण केले. सैन्याच्या अभियंत्यांनी काही महिन्यांत पूल उभारला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. त्या वेळी सर्वत्र सैन्याचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. परंतु जी नगरी देशाची आर्थिक राजधानी म्हणून मिरवते, तिच्यात कारकून व कामगार सुखरूप उतरावेत यासाठी लष्कर बोलवावे लागते, याची लाज फार थोड्यांना वाटली. सैनिकाने पूल बांधला यात सैनिकाचे भूषण आहे. मुलकी राज्यकारभाराचे नाही. २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात संरक्षणासाठी ६.८१ लाख कोटी रुपये आहेत आणि आरोग्य मंत्रालयासाठी एक लाख कोटींच्या आत. देशाला संरक्षण लागते, हे कोणी शहाणा नाकारणार नाही. पण पहिल्या आकड्यावर प्रश्न विचारणे देशद्रोह आणि दुसऱ्यावर विचारणे रडगाणे, अशी जी हवा तयार केली गेली आहे तिचा प्रतिवाद झाला पाहिजे.

मे २०२५ मधील चार दिवसांच्या संघर्षात या हवेचे दर्शन घडले. ८ मेच्या रात्री काही दूरचित्रवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे सांगून टाकले. ते खोटे होते. पूंछमध्ये तोफगोळ्यांनी सामान्य घरांतील माणसे मरत होती, ते खरे होते; पण त्या रात्री त्याला कोणी विचारीत नव्हते. महिना उलटला आणि ९ जून रोजी मुंब्र्याजवळ दोन गाड्या वळणावर शेजारून जाताना दारात लोंबकळणारी माणसे खाली पडली, काही मेली. रेल्वेने स्वयंचलित दारांची घोषणा केली. दार बंद झाल्यावर आत हवा कशी खेळणार आणि दाराबाहेर राहिलेला माणूस कामावर कसा पोहोचणार, हे प्रश्न प्रवाशांनी त्याच दिवशी विचारले.

बाहेरच्या शत्रूचे नाव घेऊन आतल्या माणसाचे तोंड बंद करण्याची युक्ती समाजवादी कार्यकर्त्यांना नवी नाही. १९६२ च्या चीन युद्धात पुकारलेली आणीबाणी १९६८ च्या जानेवारीपर्यंत उठली नाही. ३ डिसेंबर १९७१ ला बांगलादेश युद्धासाठी पुकारलेली आणीबाणी तर १९७७ पर्यंत चालू होती. जून १९७५ ची आणीबाणी हिच्यावर चढवलेला दुसरा मजला होता. मिसा कायदाही १९७१ चाच. आणि त्या कायद्याखाली तुरुंगात गेले कोण? गोरेगावच्या नळाला पाणी मागणाऱ्या मृणाल गोरे गेल्या. १९७२ च्या दुष्काळात महागाईविरुद्ध अहिल्या रांगणेकर आणि मृणालताई यांनी हजारो स्त्रियांना लाटणी-थाळ्या घेऊन रस्त्यावर आणले, तेव्हा तेल, साखर, रॉकेल हा 'किरकोळ' विषय आहे असे सत्ताधाऱ्यांनाच नव्हे, डाव्या चळवळीतील काही पुरुष पुढाऱ्यांनाही वाटत होते. १९७७ मध्ये त्याच पाणीवाल्या बाई उत्तर मुंबईतून लोकसभेत गेल्या.

ती समज चळवळीतून ओसरत गेली, हे दुःख आहे. युद्धाविषयी ठराव होतात, फाशीविरुद्ध परिसंवाद होतात, आणि तुंबलेल्या गटारीसाठी आलेल्या माणसाला नगरसेवकाकडे पाठवले जाते. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे मुंबईत तोही नव्हता. प्रशासकाच्या हाती महापालिका होती आणि वॉर्डातील माणसाला तक्रार नेण्याचा उंबरठाच उरला नव्हता. ही पोकळी कोणी भरली हे गल्लीबोळांतील फलकांवरून दिसते. त्यांनी त्या माणसाचा त्रास खरा मानला आणि त्याचा राग फेरीवाल्यावर, परप्रांतीयावर, दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्यावर वळवला. समाजवाद्यांनी मात्र त्रासच खोटा ठरवला. मध्यमवर्गीय कुरकुर म्हणून तो झटकून टाकला. मग तो माणूस कोणाकडे जाणार?

त्रास खरा आहे. त्याचा कर्ता शोधून देणे हे राजकीय काम आहे, आणि ते स्थानकागणिक, वॉर्डागणिक करावे लागते. मंजूर झालेले पादचारी पूल कोणते, त्यांची निविदा कधी निघाली, काम कोठे अडले, ही माहिती २००५ च्या कायद्याखाली दहा रुपयांच्या अर्जाने मागता येते. तीच गोष्ट तुरुंगांची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमान्वये, यापूर्वी कधीही दोषी न ठरलेला आणि अन्य खटले प्रलंबित नसलेला कच्चा कैदी, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळता, कमाल शिक्षेचा तिसरा हिस्सा भोगून झाल्यावर बंधपत्रावर सुटण्यास पात्र ठरतो. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील कच्चे कैदी पुनर्विलोकन समित्या प्रत्येक जिल्ह्यात असावयास हव्यात. आपल्या जिल्ह्यातील समिती शेवटची कधी बसली आणि तिने किती नावे सुचवली, हे विचारणारा एक तरी अर्ज प्रत्येक जिल्हा शाखेकडून पुढील महिन्यात जावयास हरकत नसावी.